गार हीटरची साक्ष

महाराष्ट्रात गाडीचा हीटर म्हणजे गाडीबरोबर आपसूक आलेली आणि नंतर विसरून गेलेली सोय. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते. ते चार दिवस सोडले तर तापमानाचा नॉब निळ्या टोकावरून हलत नाही. साहजिकच हीटर गार हवा फेकू लागला, तरी तेवढ्यासाठी कोणी गॅरेजची पायरी चढत नाही. ही बेफिकिरी महागात पडू शकते आणि तिचा थंडीशी काही संबंध नाही. हीटर ही इंजिनाच्या प्रकृतीची सर्वांत स्वस्त तपासणी आहे. गाडीखाली दिसणारा ओला डाग आणि आत गार पडलेला हीटर या आपण दोन वेगळ्या तक्रारी समजतो; बऱ्याचदा त्या एकाच बिघाडाच्या दोन बाजू असतात.

मुळात हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. पेट्रोल इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश कामी लावते. उरलेली काही सायलेन्सरवाटे जाते आणि काही इंजिनाभोवती खेळणारे कूलंट उचलून नेते. हे कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण डॅशबोर्डच्या मागे आणखी एक छोटा रेडिएटर दडलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला हीटर कॉइल म्हणतात. इंजिनातून निघालेला एक होज पाइप गरम कूलंट तिथे नेतो, दुसरा ते परत आणतो. बहुतेक गाड्यांत नॉब निळ्यावर असला तरी हा प्रवाह चालूच राहतो. नॉब फक्त आतली एक झडप फिरवतो आणि ब्लोअरची हवा कॉइलवरून जाऊ द्यायची की बाजूने, एवढेच ठरवतो. म्हणजे हीटर आपण वापरत नाही म्हणतो तेव्हाही तो इंजिनाच्या जलव्यवस्थेचा चालता भाग असतो. शिवाय ‘वापरत नाही’ हेही तितकेसे खरे नाही. पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा एसी लावून नॉब थोडा लालकडे फिरवला की काच झटकन स्वच्छ होते. एसी हवेतली वाफ काढून घेतो आणि हीटर कॉइल तीच कोरडी हवा गरम करून काचेवर सोडते.

आता प्रश्न असा, की बिघाडाची खबर आधी हीटरलाच का लागते? याचे उत्तर पाणी आणि हवा यांच्या फरकात आहे. घनफळाला घनफळ तोलले, तर पाणी हवेच्या तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. कूलंटची पातळी खाली गेली, की पंप त्याबरोबर हवाही ओढू लागतो. हीटर कॉइलच्या नळ्या अरुंद, आणि पुष्कळ गाड्यांत ती या मंडळाच्या वरच्या भागात बसवलेली. हवेचे बुडबुडे तिथे जाऊन अडकतात. मग एक चमत्कारिक लक्षण दिसते. सिग्नलला गाडी उभी असताना हीटर गार पडतो आणि ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचे फेरे वाढवले की हवा पुन्हा कोमट होते. मंद फिरणाऱ्या पंपाला हवेचा अडथळा ढकलता येत नाही, वेगाने फिरणाऱ्याला थोडाफार येतो. हे लक्षण दिसले, की इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीवरची किमान आणि कमाल पातळीची रेघ पाहायची. पातळी ठीक असेल, तर कुठेतरी हवा कोंडली आहे किंवा पंप थकला आहे.

यावर कोणी म्हणेल, तापमान दाखवायला डॅशबोर्डवर काटा असतो की! असतो, पण तो वाटतो तितका बोलका नसतो. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मंद केलेला असतो. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध स्थिर राहतो. कित्येक छोट्या गाड्यांतून तर काटाच गेला आहे. थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, मधली हकीकत गुलदस्त्यात. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असावा लागतो. कूलंट संपून तो उघडा पडला, तर त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही.

हीटर गार का, याचा छडा लावायला उपकरण लागत नाही. वीस मिनिटे गाडी चालवून, बॉनेट उघडून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात शिरणारे दोन्ही होज पाइप जाड कापडाने चाचपायचे. (रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवावेत, इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होऊ शकतो.) दोन्ही पाइप सारखे गरम असतील, तर इंजिनाची बाजू निर्दोष: दोष झडपेचा, ती फिरवणाऱ्या केबलचा किंवा छोट्या मोटरचा. एक गरम आणि दुसरा बराच गार असेल, तर कॉइल गाळाने तुंबली आहे, किंवा ज्या गाड्यांत त्या वाटेवर वॉल्व्ह असतो त्यांत तो अडकला आहे. दोन्ही नुसतेच कोमट असतील, तर पातळी पाहायची आणि ती बरोबर असेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यायचा.

थर्मोस्टॅटविषयी थोडे सविस्तर, कारण आपल्याकडे या भागावर फार अन्याय होतो. हा मेण भरलेला एक लहानसा वॉल्व्ह. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात तो विकसित केला. मेण वितळताना फुगते, दांडा ढकलते आणि ८२ ते ९० अंश सेल्सियसच्या आसपास रेडिएटरची वाट मोकळी करते. तोवर कूलंट इंजिनातच फिरत राहते आणि इंजिन लवकर तापते. तो बंद स्थितीत अडकला तर इंजिन उकळते. म्हणून ‘आपल्या हवेत हा लागतच नाही’ असे म्हणत तो काढूनच टाकण्याची पद्धत कित्येक गॅरेजांत रुळली. युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा आहे: इंजिन थंड राहिले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक इंधन वाढवतो. न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ते पातळ करते; ज्वलनातून आलेली पाण्याची वाफही ऑइलमधून उडून जात नाही. ॲव्हरेज घटतो, इंजिनाची झीज वाढते. हीटर कोमट राहतो तो याचीच तक्रार करत असतो, पण तो लावलेलाच नसल्याने ऐकू येत नाही. रेडिएटर तुंबला म्हणून गाडी तापत असेल, तर थर्मोस्टॅट काढल्याने मूळ दुखणे फक्त झाकले जाते.

कूलंट कमी होत असेल तर ते जाते कुठे, हा पुढचा शोध गाडीच्या खाली करायचा. तिथे दिसणारा प्रत्येक ओलावा घाबरण्यासारखा नसतो. मुंबईच्या दमट हवेत, ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना, एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम वाफ असते. एसीने ती हवा १० अंशांपर्यंत निववली की त्यात नऊएक ग्रॅमच मावते. उरलेले पाणी नळीवाटे रस्त्यावर ठिबकते. स्वच्छ, बिनवासाचे, बोटांना न चिकटणारे हे पाणी एसी नीट चालल्याची खूण आहे. बाकीच्या द्रवांची ओळख मात्र लोक रंगावरून करू पाहतात आणि तिथेच फसतात. कूलंट हिरवे, गुलाबी, नारिंगी, निळे कसलेही असते. रंग केवळ कंपनीने घातलेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइलही लाल असते. त्यापेक्षा खात्रीची कसोटी म्हणजे पाणी. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा, सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली किंवा कोणत्या चाकापाशी पडला ते पाहावे आणि ठिबकणारा थेंब वाटीभर पाण्यात सोडावा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल वर तरंगतात, इंद्रधनुषी पापुद्रा धरतात. कूलंट पाण्यात विरघळून जाते. ब्रेक ऑइलही विरघळते, कारण नावात ऑइल असले तरी ते ग्लायकॉल जातीचे असते. ते बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला किंवा बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरपाशी सापडते. तसे असेल तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नये, उचलून न्यावी. पडलेले कूलंट भरपूर पाण्याने धुवावे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर, म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात. शरीरात त्याचे ऑक्सॅलिक आम्ल होते आणि कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. थोडेसेही जीवघेणे ठरते.

काही वेळा पातळी घटत राहते आणि जमीन कोरडीच असते. तेव्हा गळती गरम भागावर होऊन तिथेच वाळते आहे, किंवा आत कुठेतरी होते आहे. वाळलेल्या जागी रंगीत पांढुरका पापुद्रा राहतो. वॉटर पंपाच्या खाली सील गळल्याचे कळावे म्हणून मुद्दाम ठेवलेले छिद्र असते, तिथे तो आधी पाहावा. हीटर कॉइलच फुटली, तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर आतून पुसली न जाणारी तेलकट साय धरते आणि डॅशबोर्डखालचा गालिचा ओला होतो. एसीची नळी तुंबली तरी गालिचा ओला होतोच. पण ते पाणी वाळून जाते, ग्लायकॉलचा चिकटपणा राहतो. सर्वांत वाईट शक्यता हेड गॅस्केटची. त्यात कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आणि सिलिंडरमधले वायू कूलंटमध्ये. टाकीतली हवा एका निळ्या द्रावणातून ओढून घेतात. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळ्याचे पिवळे झाले की निदान पक्के.

‘कमी झाले तर पाणी टाका, आपल्याकडे काय बर्फ पडतो?’ हा आक्षेप मात्र सहज मोडत नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. गोठण्याची भीती इथे नाहीच. पण ग्लायकॉल आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांना उकळते आणि प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणे दाब धरणाऱ्या झाकणामुळे ही मर्यादा १२५ च्या पुढे जाते. कूलंटमध्ये ॲल्युमिनियम गंजू न देणारी द्रव्येही असतात. दख्खनच्या बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड. त्यातला चुना गरम पृष्ठभागावर अधिकच साचतो आणि अरुंद नळ्या बुजवतो. अडचणीत पाणी टाकून घरी यावे, हरकत नाही, पण नंतर मिश्रण दुरुस्त करावे. गळती बुजवणाऱ्या पुड्या आणि बाटल्यांचेही तसेच. भोक आणि कॉइलची बारीक नळी यांतला फरक त्यांना कळत नाही.

स्कॅनर लावला की सगळे कळेल, असे आता म्हटले जाते. स्कॅनर उपयोगी आहेच. इंजिन अपेक्षेइतके तापत नसेल तर तो पी०१२८ हा कोड देतो आणि बहुधा थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो. पण हीटर कॉइलमधल्या प्रवाहावर सहसा सेन्सर नसतो आणि ओल्या गालिच्याला कोड नसतो.

या सगळ्याचा खरा कस घाटात लागतो. मे महिन्यात कसारा घाटात गाडी भरलेली, एसी चालू आणि लाल दिवा लागला, तर एसी बंद करून, नॉब लाल टोकाला नेऊन ब्लोअर पूर्ण सोडावा. पहिल्या मिनिटात येणारी हवा निर्णय सांगते. ती भाजेल इतकी गरम असेल, तर कूलंट अजून फिरते आहे. अडचण बहुधा पंख्याची किंवा रेडिएटरची, आणि हा दुसरा रेडिएटर काही उष्णता काढून घेत असताना थांबायला सुरक्षित जागा गाठता येते. लाल दिवा लागलेला आणि हवा मात्र गार, असे असेल तर कूलंट संपले आहे किंवा फिरायचे थांबले आहे. तेव्हा पुढचे वळणही पाहू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये, कारण दाब सुटताच आतले द्रव एकदम उकळून अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे हेड त्याने तडकू शकते.