फोर बाय फोर म्हणजे नक्की काय? चला, दिंडीत चालत समजून घेऊ

हेडफोन कानातच राहू द्या, फक्त हात मोकळे ठेवा. टाळ्या वाजवायच्यात.

आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणीतून, मग संत जनाबाईंच्या गंगाखेडवरून पंढरपूरकडे जाते. दिंडीसोबत थोडं चाला. टाळ ऐकून पाय आपोआप मोजायला लागतात: एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक. झालं, चारची लय पायात आली!

आता फोनवरचं मेट्रोनोम ॲप उघडा. तिथं ४/४ दिसतं. वरचा चार म्हणजे एका बारमध्ये चार ठोके. खालचा चार म्हणजे प्रत्येक ठोका क्वार्टर नोटचा, पूर्ण नोटचा पाव हिस्सा. यालाच कॉमन टाइम म्हणतात. कधी आकड्यांऐवजी इंग्रजी 'सी'सारखी खूण असते. पण हा कॉमनचा सी नाही बरं का! जुन्या युरोपीय लेखनात पूर्ण वर्तुळ म्हणजे तीनची विभागणी, तुटकं वर्तुळ म्हणजे दोनची. ही खूण म्हणजे तेच तुटकं वर्तुळ.

मग आपला केरवा म्हणजे फोर बाय फोरच का? इथंच मी फसलो होतो. गावच्या भजनात टाळ धरला, मनात चार-चार मोजत होतो. एकही ठोका चुकला नाही, तरी जोर भलत्याच जागी. शेजारच्या काकांनी नुसतं माझ्याकडं बघितलं!

कारण केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं:

धा गे ना ती । ना क धी ना

पहिली मात्रा सम, पाचवी खाली. खालीला डग्ग्याचा घुमारा थांबतो, ठेका हलका होतो. मी पाचवीलाच 'एक' समजून जोर देत होतो. मेट्रोनोमला दोन्ही चार सारखेच, तबल्याला नाहीत. त्रितालातही चार-चारचे चार भाग, एकूण सोळा मात्रा. खाली नवव्या मात्रेवर.

आता करून बघा. एकला टाळी, पाचला हात नुसता बाजूला. मग आवडतं भजन लावा आणि डग्गा कुठं गप्प होतो ते ऐका. तो सापडला की सम आपोआप सापडते.

चार मोजणं सोपं आहे हो. आपण कुठल्या चारात आहोत, ते कळलं पाहिजे. भेटू पुढच्या भागात!