स्किझोफ्रेनिया : स्वरूप, लक्षणे आणि संभाव्य कारणे

प्रस्तावना :

स्किझोफ्रेनिया हा विचार, भावना, संवेदन आणि वर्तन या चारही अंगांवर परिणाम करणारा गंभीर मनोविकार होय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) भारतातील प्रौढांपैकी सुमारे १.४ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा किंवा तत्सम विकार झाल्याचे आढळले. त्याचा आरंभ बहुधा कुमारवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंतच्या काळात होतो. पुरुषांमध्ये तो स्त्रियांपेक्षा काहीसा लवकर दिसतो. याचा अर्थ असा की, ज्या वयात तरुण महाविद्यालयाच्या वर्गात बसलेला असतो, नेमक्या त्याच वयात हा विकार डोके वर काढतो. तथापि आपल्याकडे त्याचा दोष बाधेला, स्वभावाला अथवा आईच्या संगोपनाला दिला जातो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. या विकाराचे यथार्थ स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञा आणि गैरसमज :

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकाराचे वर्णन 'अकाली बुद्धिभ्रंश' या अर्थाच्या लॅटिन नावाने केले. सर्वच रुग्णांची बुद्धी ढासळत नाही, हे लक्षात घेऊन स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा सुचविली. 'दुभंगणे' आणि 'मन' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनली असून मराठीत तिच्यासाठी 'छिन्नमनस्कता' हा प्रतिशब्द रूढ झाला. ब्लॉयलर यांना अभिप्रेत असलेली फूट ही विचार, भावना आणि कृती यांच्यातील मेळ सुटण्याची होती. एका देहात दोन व्यक्ती नांदतात, असा तिचा अर्थ नव्हे. दुहेरी व्यक्तिमत्त्व हा सर्वस्वी निराळा विकार आहे. नावामुळे रुग्णाला लागणारा कलंक ओळखून जपानने २००२ मध्ये 'मन दुभंगण्याचा रोग' या अर्थाचे जुने नाव टाकून 'एकसंधता बिघडण्याचा विकार' अशा आशयाचे नवे नाव स्वीकारले. शास्त्रीय परिभाषासुद्धा समाजाच्या दृष्टीला वळण लावते, याचे हे बोलके उदाहरण होय.

लक्षणे :

या विकाराची लक्षणे स्थूलमानाने तीन गटांत विभागली जातात.

१) धन लक्षणे : निरोगी अवस्थेत नसलेले अनुभव येथे नव्याने निर्माण होतात. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, हा त्यांतील नेहमीचा भास होय. हे आवाज बहुधा रुग्णावर टीका करतात किंवा त्याला आज्ञा देतात. आपल्यावर पाळत ठेवली जात आहे, आपले विचार इतरांना कळत आहेत, अशा प्रकारच्या दृढ संभ्रमांचाही यात समावेश होतो. पुरावे देऊन किंवा वाद घालून हे संभ्रम दूर होत नाहीत.

२) ऋण लक्षणे : असलेल्या क्षमता येथे उण्या होतात. चेहऱ्यावरील भाव ओसरणे, बोलणे तुटक होणे, उत्साह मावळणे, माणसे टाळणे आणि स्वतःच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष होणे ही ती लक्षणे. ती आळस किंवा उर्मटपणा समजली जाण्याचा संभव मोठा असतो.

३) विस्कळीतपणा आणि बोधात्मक अडचणी : बोलण्यातील संगती सुटते, अवधान, स्मरण आणि नियोजन मंदावते.

एखादे लक्षण दिसले म्हणून निदान करता येत नाही. लक्षणे किमान एक महिना टिकणे आवश्यक मानले जाते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांनुसार (२०१३) विकाराची चिन्हे एकूण सहा महिने दिसावी लागतात. अमली पदार्थ, मेंदूचे इतर आजार आणि भावनिक विकार ही कारणेही आधी तपासावी लागतात. निदान हे तज्ज्ञाचेच काम आहे.

संभाव्य कारणे :

या विकाराचे कोणतेही एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिक प्रवणता आणि परिस्थिती यांच्या परस्परक्रियेतून तो उद्भवतो, असे आज मानले जाते.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्किझोफ्रेनियाग्रस्त मातांपासून जन्मतःच दूर वाढलेल्या ४७ मुलांपैकी ५ जणांना पुढे हा विकार झाला. निरोगी मातांच्या, तशाच परिस्थितीत वाढलेल्या ५० मुलांपैकी एकालाही तो झाला नाही. १९४० च्या दशकात पुढे आलेल्या 'सदोष मातृत्वामुळे स्किझोफ्रेनिया होतो' या मताला या निष्कर्षाने मोठा धक्का दिला. तरीही आनुवंशिकता हीच नियती नव्हे. एकरूप जुळ्यांपैकी एकाला विकार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच आढळते. २०२२ मधील एका व्यापक संशोधनात या विकाराशी निगडित २८७ जनुकीय स्थाने नोंदविली गेली. त्यांपैकी बहुतेकांचा स्वतंत्र परिणाम अत्यल्प आहे.

परिस्थितीजन्य घटकांत गर्भावस्थेतील कुपोषण व प्रसूतीतील गुंतागुंत, बालपणीचे आघात आणि कुमारवयातील गांजाचे अतिसेवन यांचा उल्लेख करावा लागेल. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्या अपत्यांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले.

मेंदूतील डोपामिन या रासायनिक संदेशवाहकाच्या कार्यातील बिघाड भास व संभ्रमांशी निगडित आहे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसून आला. पुढे अशी औषधे डोपामिनचे कार्य रोखतात, हे उमगले. ऋण लक्षणांवर मात्र या औषधांचा प्रभाव मर्यादित आहे. त्यामुळे डोपामिनचा सिद्धान्त सत्याचा एक भाग सांगतो, संपूर्ण सत्य नव्हे.

कुटुंबाविषयी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. घरातील सततची टीका आणि ताण यांमुळे बरा होत असलेला रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचा धोका वाढतो. परंतु कुटुंब हे विकाराचे कारण नव्हे. म्हणूनच कुटुंबीयांना दोष न देता त्यांना मार्गदर्शन करणे, हा उपचाराचाच भाग ठरतो.

उपचार आणि शिक्षकांची भूमिका :

औषधे, समुपदेशन, कुटुंबाचे प्रशिक्षण आणि पुनर्वसन ही उपचाराची चार अंगे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते किमान एक-तृतीयांश रुग्ण पूर्णपणे बरे होऊ शकतात. उपचाराविना जाणारा काळ जितका दीर्घ, तितकी सुधारणा कठीण होते, असे अभ्यास दर्शवितात.

या ठिकाणी महाविद्यालयीन शिक्षकाचे स्थान महत्त्वाचे ठरते. पूर्वी नियमित असलेला विद्यार्थी तासांना येईनासा होणे, मित्रांपासून तुटणे, त्याच्या लेखनातील संगती हरपणे, रात्रंदिवस जागणे किंवा इतरांविषयी विनाकारण संशय घेणे, हे बदल घराबाहेर सर्वप्रथम शिक्षकाच्याच दृष्टीस पडू शकतात. त्यांमागे अनेक कारणे असू शकतात. म्हणून विकाराचा शिक्का न मारता एकान्तात विचारपूस करावी, संभ्रमांवर वाद घालू नये किंवा त्यांना दुजोराही देऊ नये आणि विद्यार्थ्याला विश्वासात घेऊन तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावे. आत्महत्येचा विचार व्यक्त झाल्यास मात्र विलंब करू नये. कारण या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रमाण लक्षणीय आहे. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून उपलब्ध आहे.

रुग्ण हिंसक असतो, ही समजूतही तपासून पाहावयास हवी. बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. उलट तेच इतरांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांना अशा रुग्णाकडे आणि त्याच्या बहिणीच्या ओढाताणीकडे सहानुभूतीने पाहावयास लावले.

समारोप :

स्किझोफ्रेनिया हा बाधेचा, दुर्वर्तनाचा किंवा संगोपनातील चुकीचा परिणाम नसून जैविक आणि सामाजिक घटकांच्या गुंतागुंतीतून उद्भवणारा, उपचारसाध्य विकार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु हा हक्क बजावण्यासाठी प्रथम आजार ओळखला जावा लागतो. अनुपस्थितीबद्दल कारणे दाखवा नोटीस बजावण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला एकदा बोलावून घेणे, एवढी दक्षता प्रत्येक विभागाला घेता येण्यासारखी आहे.