वायफायची सुरक्षा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, दारावरचा कॅमेरा, सगळं आता घरच्या वायफायवर चालतं. त्याच्या सुरक्षेबद्दलच्या समजुती मात्र बऱ्याचदा ऐकीव असतात.

गैरसमज: मोबाइल नंबर दहा आकडी असतो, म्हणजे पासवर्ड म्हणून तो भक्कम.

वस्तुस्थिती: आपल्याकडचे मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. डब्ल्यूपीए2 ही सुरक्षा पद्धत वापरणाऱ्या राउटरला फोन जोडला जाताना दोघांत जी ओळख पटवली जाते, ती जवळपासच्या कुणालाही टिपून घेता येते. मग तो खुशाल घरी जाऊन संगणकावर एकेक नंबर ताडून पाहू शकतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं, त्यामुळे हे काही तासांचं काम. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि असा सापडतही नाही.

गैरसमज: नेटवर्कचं नाव लपवलं किंवा ठरावीक उपकरणांनाच परवानगी दिली, की काम झालं.

वस्तुस्थिती: राउटरने नाव जाहीर केलं नाही, तरी जोडणी करताना फोन ते उघडपणे पाठवतो. ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो, तो मॅक पत्ताही हवेतून उघडाच जातो. तो ऐकून त्याची नक्कल करणं अवघड नाही.

गैरसमज: डब्ल्यूपीएस या झटपट जोडणीच्या सोयीतल्या आठ आकडी पिनमुळे जोडणी सोपीही होते आणि सुरक्षितही राहते.

वस्तुस्थिती: आठ आकडे म्हटले की दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर ही पिन दोन तुकड्यांत तपासतो. पहिल्या चार आकड्यांच्या 10,000 शक्यता. उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो, म्हणून तिथे फक्त 1,000. एकूण 11,000 प्रयत्नांत पिन सापडते. ही उणीव 2011 मध्ये उघड झाली. पिन सापडली की कितीही लांब पासवर्ड राउटर स्वतःच सांगून टाकतो.

गैरसमज: नावापुढे कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे नेटवर्क सुरक्षित.

वस्तुस्थिती: कुलूप कोणतं, ते महत्त्वाचं. 1997 मध्ये आलेल्या वेप या सुरक्षा पद्धतीतली मूलभूत चूक 2001 मध्येच फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी दाखवून दिली. 2004 मध्ये डब्ल्यूपीए2 आलं, 2018 मध्ये डब्ल्यूपीए3. डब्ल्यूपीए3 मध्ये टिपलेली माहिती घरी नेऊन पासवर्ड ताडून पाहता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं.

आज राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी करा: डब्ल्यूपीए3, ते नसेल तर डब्ल्यूपीए2 एईएस निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा, लांब पासवर्ड ठेवा, आणि राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्डही बदला. तो मूळचाच राहिला, तर आत आलेला कुणीही बाकीच्या तिन्ही गोष्टी फिरवू शकतो.