श्वास सुरळीत झाला, तरी लक्ष हवं रक्ताभिसरणाकडे

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. नाव ठेवलं पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधीच जन्मलेल्या या बाळाचं वजन होतं सुमारे २.१ किलो. डॉक्टरांनी शर्थ केली, पण ३९ तासांतच ते दगावलं. फुप्फुसांत सरफॅक्टंट नावाचा पदार्थ कमी असला की हा आजार होतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं. औषध मात्र तेव्हा कुणाच्याच हाती नव्हतं.

आज ते आहे. पण औषध देऊन श्वास सुधारला, म्हणजे काळजी संपली असं नाही.

साबणासारखा थर

ओल्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटतात. फुप्फुसांतल्या इवल्याशा वायुकोशांचंही तसंच होतं. सरफॅक्टंटचा साबणासारखा थर त्यांना मिटू देत नाही. गर्भात तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासासाठी झगडावं लागतं.

जपानचे डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये गायीच्या फुप्फुसांपासून बनवलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत सोडल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. बाळांची प्राणवायूची गरज झपाट्यानं कमी झाली. मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडीच असल्याचंही आढळलं.

आडवाट उघडी राहिली तर?

ही रक्तवाहिनी म्हणजे डक्टस. पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, म्हणून फुप्फुसांकडचं बरंचसं रक्त या आडवाटेनं थेट महाधमनीत जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर लवकरच मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती बरेचदा उघडी राहते.

सरफॅक्टंटनं फुप्फुसं फुलली, की तिथल्या रक्तवाहिन्यांतला दाब उतरतो. मग महाधमनीतलं रक्त याच वाटेनं उलट फुप्फुसांकडे वळतं. फुप्फुसांत रक्ताची गर्दी होते, क्वचित रक्तस्रावही होतो. उलट आतडी आणि मूत्रपिंडं यांच्या वाट्याचं रक्त घटू शकतं.

औषध नळीतून सोडताना काही क्षण हृदयाचे ठोके मंदावू शकतात, रक्तदाब वरखाली होऊ शकतो. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना असे चढउतार सोसत नाहीत. म्हणूनच औषध देताना आणि नंतरही ठोके, रक्तदाब, प्राणवायू यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि व्हेंटिलेटरचा जोर वेळीच उतरवतात. डक्टस किती उघडी आहे, हे इको तपासणीत कळतं. ती पुष्कळदा आपोआप मिटते. काहींना औषध द्यावं लागतं, तर थोड्यांना शस्त्रक्रिया.

म्हणून या औषधाला घाबरायचं का? मुळीच नाही. सरफॅक्टंटमुळे मृत्यू आणि फुप्फुस फुटण्याचे प्रकार कमी होतात, हे अनेक चाचण्यांत सिद्ध झालं आहे.

आईवडिलांनी काय करावं?

मुदतीआधीच कळा सुरू झाल्या, तर नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय लगेच गाठावं. प्रसूतीपूर्वी आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. बाळाला सरफॅक्टंट दिलं असेल, तर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : डक्टस मिटली का? रक्तदाब स्थिर आहे का?