कायम की कंत्राटी? भरपाईचा हिशेब

महाळुंग्याच्या कारखान्यांत कायम आणि ठेकेदाराचा कामगार एकाच लाइनवर उभे असतात. चाकण–तळेगाव रस्त्यावरच्या अपघातात दोघांना सारखंच अपंगत्व आलं, तरी भरपाई वेगळी निघू शकते. प्रणय सेठी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल मृत्यूच्या दाव्यांवरचा, पण कायमच्या अपंगत्वालाही लागू होतो. चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ५० टक्के मिळवतात. ठेकेदाराच्या कामगारासारख्या ठरावीक पगारावरच्याच्या किंवा स्वतःचा धंदा असणाऱ्याच्या, ४० टक्के. महिना पगार १५,०००, वय २८, वार्षिक उत्पन्नाला लावायचा वयानुसारचा गुणक १७, कमाईची क्षमता ३० टक्के घटलेली: फरक ९१,८०० रुपये. मला तरी ही रेघ अन्यायाची वाटते. रोखीने पगार घेणाऱ्याची अडचण त्याहून मोठी. पगाराचा पुरावा नसेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण बऱ्याचदा किमान वेतनावरून अंदाज बांधतं. पीएफचा उतारा आणि पासबुक तिथे कामी येतं.