काळ्या दगडाचे निदान

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमजवळच्या समुद्रात असंख्य लहानमोठी बेटे आहेत. त्यांपैकी रेसारो बेटावर इटर्बी नावाचे खेडे आहे. तिथल्या खाणीतून पूर्वी गारगोटी आणि चिनी मातीची भांडी बनवण्यासाठी लागणारा फेल्डस्पार काढला जाई. या फिकट खडकात अधूनमधून काळे, जड, तेलकट चकाकीचे खडे सापडत. खाणीच्या दृष्टीने त्यांना काही किंमत नव्हती. पण १७८७ मध्ये कार्ल आरेनियस या हौशी लष्करी अधिकाऱ्याच्या हाती असा एक खडा लागला आणि रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष या खेड्याकडे वळले. यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम या चार मूलद्रव्यांना पुढे याच खेड्याचे नाव मिळाले.

इटर्बीच्या काळ्या दगडांपैकी एक म्हणजे यिट्रोटँटलाइट. यिट्रियम, टँटलम आणि ऑक्सिजन हे त्याचे मुख्य घटक. शिवाय त्यात नायोबियम, लोह, थोडे युरेनियम आणि इतर दुर्मीळ मृदा मूलद्रव्येही असतात. रंग काळा ते तपकिरी. वजन त्याच आकारमानाच्या पाण्याच्या साडेपाच ते सहा पट. चाकूच्या पात्याने जेमतेम ओरखडा उठेल इतका कठीण. फोडला तर काचेसारखा वक्राकार फुटतो. पण एवढ्या वर्णनावरून त्याची ओळख पटत नाही, कारण असे दिसणारे आणखी दहा दगड त्याच खडकात असतात. ताप म्हटल्यावर जसा आजार कळत नाही, तसेच हे आहे.

एक चुकलेले मत

उप्साला विद्यापीठातील आंदेर्स एकेबर्ग यांना लहानपणापासून कमी ऐकू येई. १८०१ मध्ये प्रयोग करताना काचपात्र फुटले आणि त्यांचा एक डोळाही गेला. त्यानंतरच्याच वर्षी त्यांनी दोन दगड तपासले. एक फिनलंडमधला होता आणि दुसरा इटर्बीचा यिट्रोटँटलाइट. दोन्हींमध्ये त्यांना एकच नवा धातू सापडला. त्याचा ऑक्साइड आम्लात कितीही बुडवून ठेवला तरी आम्लाला दाद देत नव्हता. ग्रीक पुराणातला टँटलस हा राजा शापामुळे गळ्यापर्यंत पाण्यात उभा असूनही तहानलेलाच राहतो. त्याच्यावरून एकेबर्ग यांनी धातूला टँटलम हे नाव दिले.

आदल्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स हॅचेट यांनी अमेरिकेतून आलेल्या एका दगडात ‘कोलंबियम’ हा नवा धातू शोधला होता. दोघांचे गुणधर्म फारच जवळचे होते. मग हे दोन धातू की एकच? १८०९ मध्ये विल्यम वोलस्टन यांनी निर्णय दिला : दोन्ही एकच. वोलस्टन पेशाने डॉक्टर होते. वैद्यकी सोडून ते रसायनशास्त्राकडे वळले होते आणि पॅलेडियम व ऱ्होडियम हे धातू त्यांनीच शोधले होते. त्यामुळे त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते.

पण त्यांनी तपासलेल्या दोन दगडांत एक फरक स्पष्ट होता. एक पाण्याच्या सुमारे सहा पट जड होता, तर दुसरा जवळजवळ आठ पट. वोलस्टन यांना तो दिसलाही होता. बाकी सगळे जुळते म्हणून त्यांनी त्याला महत्त्व दिले नाही. न जुळणारा एक तपासणी अहवाल बाजूला ठेवला की निदान कसे चुकते, याचे हे जुने उदाहरण आहे. १८४४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश रोझ यांनी दोन वेगळे धातू असल्याचे दाखवले आणि दुसऱ्याला टँटलसच्या मुलीवरून नायोबियम हे नाव दिले. १८६६ मध्ये स्विस शास्त्रज्ञ मारिन्याक यांनी दोन्ही धातू वेगळे करण्याची खात्रीची पद्धत दिली. एकेबर्ग १८१३ मध्येच वारले होते.

फसगतीचे कारण अणूंच्या आकारात होते. टँटलमचा अणू नायोबियमच्या जवळपास दुप्पट जड असतो, पण दोघांचा आकार सारखाच भरतो. एरवी आवर्तसारणीत एकेक ओळ खाली उतरले की अणू मोठे होत जातात. टँटलमच्या आधी मात्र दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची लांबलचक मालिका येते आणि तिच्यात अणू हळूहळू आकसत जातात. त्यामुळे टँटलमचा अणू वाढायचा राहतो. म्हणूनच स्फटिकात एकाची जागा दुसरा सहज घेतो आणि निसर्गात दोघे बहुधा एकत्रच सापडतात.

नाव कसे ठरते?

आज अशा खनिजाचे वर्गीकरण पायरीपायरीने होते. पहिली पायरी वर्गाची : हे ऑक्साइड. मग स्फटिकातील अणूंची मांडणी पाहायची. शेवटी प्रत्येक जागी कोणते मूलद्रव्य सर्वाधिक आहे ते मोजायचे. टँटलम नायोबियमपेक्षा जास्त असेल तर एक नाव, नायोबियम जास्त असेल तर दुसरे. फर्ग्युसोनाइट आणि फॉर्मनाइट ही अशीच जोडी आहे. दोघांत यिट्रियम असते, पण पहिल्यात नायोबियमचे वर्चस्व, तर दुसऱ्यात टँटलमचे. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपैकी कोणते सर्वाधिक आहे, हे नावाच्या शेवटी कंसात लिहिण्याची पद्धत १९६६ पासून रूढ झाली. ‘न्यूमोनिया’ एवढेच न लिहिता तो कोणत्या जंतूमुळे झाला हेही लिहावे, तसे.

यिट्रोटँटलाइटच्या बाबतीत मधली पायरी डळमळते. त्यातले युरेनियम सतत विघटित होत असते. दर वेळी अल्फा कण बाहेर पडतो आणि मागे उरलेले अणुकेंद्रक बंदुकीसारखा उलटा झटका खाते. त्या धक्क्याने आजूबाजूचे शेकडो अणू जागचे हलतात. इटर्बीचा खडक सुमारे १८० कोटी वर्षांचा आहे. इतका काळ आतून मार बसल्यावर स्फटिकाची शिस्त उरत नाही. बाहेरचा आकार कधी कधी टिकतो, पण आतली रचना काचेसारखी विस्कटते. क्ष-किरणांनी तपासले तर मांडणीचा पत्ता लागत नाही. दगड भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवला तर अणू पुन्हा रांगेत येतात, पण तापमानानुसार वेगळी मांडणीही तयार होऊ शकते. म्हणजे मूळची रचना हीच होती, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी रासायनिक पृथक्करणावर भर द्यावा लागतो.

शरीरात गेलेला धातू

आम्लाला न जुमानण्याचा जो गुण एकेबर्ग यांनी टिपला, तोच पुढे रुग्णांच्या कामी आला. टँटलमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर आपोआप तयार होतो. शरीरातील क्षारयुक्त द्रवांचा त्यावर परिणाम होत नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या कवटीतील भोके बुजवण्यासाठी टँटलमचे पत्रे वापरले गेले. आज सच्छिद्र टँटलम खुब्याच्या कृत्रिम सांध्यात वापरतात, त्याच्या छिद्रांमध्ये हाड वाढते. हा धातू क्ष-किरणांना अडवतो. म्हणून त्याचे सुमारे एक मिलिमीटरचे मणी हाडात बसवून कृत्रिम सांधा सरकतो आहे का, हे मोजता येते. पेसमेकरसारख्या यंत्रांत आणि श्रवणयंत्रांतही टँटलमचे छोटे कपॅसिटर असतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाने शोधलेला धातू श्रवणयंत्रात जाऊन बसला.

यिट्रियमचीही अशीच गोष्ट आहे. दगडातले यिट्रियम स्वतः किरणोत्सारी नसते. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून त्याचे यिट्रियम-९० होते. त्याचे किरण शरीरात काही मिलिमीटरच जातात आणि ६४ तासांत त्याची तीव्रता निम्मी होते. ते भरलेले काचेचे सूक्ष्म गोळे यकृताच्या धमनीतून थेट गाठीपर्यंत पोहोचवून यकृताच्या कर्करोगावर उपचार करतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे गोळे विकसित केले आहेत.

दगड घरात आणताना

उद्योगांना लागणारे टँटलम यिट्रोटँटलाइटपासून काढत नाहीत, कारण तो फार विरळ सापडतो. ते त्याच्या नातलग खनिजांतून मिळते. त्यांचे व्यापारी नाव कोल्टन. एके काळी एकच ठरवलेल्या कोलंबियम आणि टँटलम या दोन्ही नावांचे तुकडे त्यात जोडले आहेत. काँगोमध्ये हजारो माणसे कुदळ-फावड्याने ते खणतात. अशा खडकात गारगोटी असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की सिलिकोसिस होतो, फुफ्फुसे कडक होतात आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. झालेले नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही. धूळ उडू न देणे हाच उपाय.

दगड जमवणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरेनियम असलेल्या दगडातले अल्फा कण कागदाने किंवा त्वचेच्या वरच्या थरानेही अडतात. तो हातात घेऊन पाहिला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो घरात फोडू नये, घासू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्याची धूळ किंवा त्यातून सुटणारा रेडॉन वायू फुफ्फुसात गेला तर तेच अल्फा कण थेट पेशींवर आघात करतात. रेडॉन हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. म्हणून असा दगड झोपण्याच्या बंद खोलीत ठेवू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

‘ऊर्जा देणारे’ म्हणून विकले जाणारे दगड आणि लोलक अंगावर घालण्याआधी तर दोनदा विचार करावा. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तू किरणोत्सारी असल्याचे सांगून त्या न वापरण्याचा इशारा दिला होता. त्यांत गळ्यातले लोलक होते, ब्रेसलेट होते आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टीही होती. कातडीला चिकटून रात्रंदिवस राहणारी वस्तू कपाटातल्या दगडापेक्षा जास्त त्रासदायक ठरते. काळा, जड, चकाकता दगड कोणी आरोग्यासाठी म्हणून हातात ठेवला, तर त्यात काय आहे हे आधी विचारावे. विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल, तर तो दगड घेऊ नये.