तपासणीच्या सकाळी कपभर चहासुद्धा नको

दुर्बिणीच्या तपासणीला निघालेल्या माणसाला उपाशी पाठवणं आपल्या बायकांच्या अगदी जिवावर येतं. "कपभर चहा अन् दोन बिस्किटं, त्यानं काय होतंय?" म्हणत सासूबाईंच्या हातात आपणच कप देतो. पण मैत्रिणींनो, एंडोस्कोपीची नळी तोंडातून थेट जठरात जाते. गुंगीचं इंजेक्शन दिलं की ठसका लागून घसा मोकळा होणं मंदावतं. अशा वेळी पोटातलं अन्न वर आलं, तर श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरू शकतं. त्यातून न्यूमोनिया होतो, प्रसंगी जिवावर बेततं. शिवाय अन्नाखाली एखादी जखम, गाठ दडून राहते ती वेगळीच.

साधारणपणे जेवण निदान ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधी बंद करायला सांगतात. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत बरं का, अन्नातच!

जुना मधुमेह असेल तर पोट सावकाश रिकामं होऊ शकतं. साखरेसाठी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तरी तेच. हे डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे ते वेगळी सूचना देतील. सकाळच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या. आणि चुकून काही खाल्लंच, तर नंबर जाईल म्हणून लपवू नका. फार तर तपासणी दुसऱ्या दिवशी होईल.